बिनविरोधाचं सोवळं

२०२५च्या जून महिन्यातली गोष्ट. रविवार होता, पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि घरात कांदाभज्यांचा बेत चालला होता. तेवढ्यात दारात तीन छत्र्या निथळू लागल्या. आमच्या गावच्या विज्ञान संस्थेतली ही तरुण मंडळी. एक औद्योगिक वसाहतीत काम करणारा इंजिनिअर, एक कॉलेजात शिकवणारी मुलगी आणि एक औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याला आकाशदर्शनाचं वेड आहे. भज्यांना कुणी हात लावीना, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही. शेवटी इंजिनिअर म्हणाला, "सर, या वेळी अध्यक्षपदाला तुम्ही उभं राहायचं."

मी तत्काळ जे उत्तर दिलं ते महाराष्ट्रातला कुठलाही सुशिक्षित माणूस देईल तेच होतं. म्हटलं, "बिनविरोध होत असेल तर बघू. निवडणूक वगैरे आपला प्रांत नाही."

त्यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "बिनविरोधच करायचं असेल तर मोठे सर आहेतच की."

मंडळी गेली, भजी गार झाली आणि ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात घर करून बसलं.

मोठे सर म्हणजे आमचे सर. शिक्षकी पेशात सगळेच एकमेकांचे सर, म्हणून हा फरक करावा लागतो. मला बी. एस्सी.ला प्रकाशशास्त्र त्यांनी शिकवलं. १९८५ साली, हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी परत येतोय म्हणून सगळीकडे उत्साह होता, तेव्हा त्यांनी ही संस्था काढली. आठ इंची आरशाची दुर्बीण आम्ही पोरांनी कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये काचेवर काच घासून तयार केली. हाताला पडलेले घट्टे कित्येक दिवस गेले नव्हते. धूमकेतू प्रत्यक्षात फिकाच निघाला, पण संस्था राहिली. १९९५च्या खग्रास सूर्यग्रहणाला सर आम्हा बावीस जणांना रेल्वेने राजस्थानात नीम का थान्याला घेऊन गेले. मिनिटभरही न टिकलेल्या त्या अंधारासाठी दोन दिवसांचा प्रवास, आणि परतताना डब्यात कुणीही झोपलं नाही. २००४च्या जून महिन्यात शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पडद्यावर पाहायला शाळेच्या मैदानात लागलेली रांग पार बस स्टँडपर्यंत गेली होती.

हे सगळं सरांचं. पण सर २००१ साली अध्यक्ष झाले, त्यानंतर दर तीन वर्षांनी, आठ वेळा, बिनविरोध अध्यक्ष झाले. आता त्यांचं वय एक्याऐंशी. दुर्बिणीच्या आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर उडून त्याला आरसा म्हणायची सोय राहिलेली नाही. तो कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे याबद्दल दोन मतं आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेला दोनशे बारा आजीव सभासदांपैकी सतरा जण येतात. सभेच्या सूचनेखाली एक ठरलेली ओळ असते. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. गेली कित्येक वर्षं आमची सभा खरं म्हणजे त्या 'अर्ध्या तासाने' वरच चालली आहे. त्या अर्ध्या तासात चहा होतो. मग कुणी तरी उठून म्हणतं, "अध्यक्षपदासाठी सरांचंच नाव कायम ठेवावं." टाळ्या वाजतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज तरी कशाचा द्यायचा, बदलच नसतो!

'निवडणूक बिनविरोध पार पडली' या वाक्याचा आपल्याला केवढा अभिमान! हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीपासून वाचनालयाच्या कार्यवाहापर्यंत आपण ते छाती फुगवून सांगतो. जणू विरोध म्हणजे घरातलं भांडण, आणि ते चार भिंतींत मिटलं हे कुळाचं भूषण. इतर संस्थांचं मी समजू शकतो. पण विज्ञान ज्यावर चालतं ती गोष्टच मतभेद ही आहे. निबंध छापायला पाठवला की दोन अनोळखी माणसं त्यातल्या चुका काढतात, आणि त्यांनी काढल्या नाहीत तर आपणच अस्वस्थ व्हायला हवं, हे मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो. मग त्याच विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत हात वर करून दुसरं नाव सुचवायला कुणीच धजू नये, आणि याला आपण सौहार्द म्हणावं?

त्या दिवसांत मी शाळेतल्या मुलांपुढे करायच्या एका व्याख्यानाची तयारी करत होतो. विषय होता हर्शेल घराणं. बाप विल्यम, ज्याने १७८१ साली युरेनस शोधला. आत्या कॅरोलाइन, जिने धूमकेतू शोधले. आणि मुलगा जॉन. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला 'हायपो' म्हणत ते रसायन चांदीचे क्षार विरघळवतं हे या जॉन हर्शेलने १८१९ साली दाखवलं होतं. आपल्या आजी-आजोबांचे लग्नातले फोटो टिकले त्यात या माणसाचाही वाटा आहे. त्याचं चरित्र चाळताना १८३० सालच्या निवडणुकीपाशी मी थबकलो. व्याख्यानात ती बसणार नव्हती, पण मला ती हवी होती.

लंडनची रॉयल सोसायटी १६६० सालची. न्यूटन तिचे १७०३पासून मरेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं अध्यक्ष. पुढे जोसेफ बँक्स हे वनस्पतिशास्त्रज्ञ १७७८ साली त्या खुर्चीत बसले ते १८२० साली मृत्यूनेच उठले. एक्केचाळीस वर्षांहून जास्त! त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीला खगोलशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळी संस्था काढायचं ठरवलं, तेव्हा बँक्स यांनी कडाडून विरोध केला. हर्शेल त्या नव्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, आणि त्याचा मित्र चार्ल्स बॅबेजही. गणकयंत्राची कल्पना करणारा म्हणून बॅबेज आपल्याला माहीत आहे. पण तो भांडखोर म्हणूनही तितकाच प्रसिद्ध होता. १८३० साली त्याने इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या ऱ्हासावर एक पुस्तकच लिहिलं आणि रॉयल सोसायटीची सालं काढली. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की तीन सभासदांच्या सह्या मिळवा, थोडं थांबा, पैसे भरा, आणि विज्ञानात तुमचं नाव कुणी ऐकलेलं नसेल तर तुमची निवड अगदी नक्की! अतिशयोक्ती होती, पण फार नाही. सोसायटीत विज्ञानाशी संबंध नसलेल्यांचीच संख्या जास्त होती.

त्या वेळचे अध्यक्ष डेव्हिस गिल्बर्ट यांना पद सोडायचं होतं. कार्यकारी मंडळाला विश्वासात न घेता त्यांनी परस्पर ड्यूक ऑफ ससेक्स यांच्याकडे शब्द टाकला. हे ड्यूक म्हणजे राजा चौथा विल्यम याचे धाकटे भाऊ. माणूस उदारमतवादी, ग्रंथांचा शौकीन, पण विज्ञानाशी संबंध आश्रयदात्याचा. युक्तिवाद असा की राजघराण्यातला माणूस अध्यक्ष असला की संस्थेची प्रतिष्ठा वाढते, सरकारदरबारी कामं होतात. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. स्थानिक आमदार किंवा साखर कारखान्याचे चेअरमन यांना अध्यक्ष करताना आपल्या संस्था हेच बोलतात, फक्त मराठीत.

शास्त्रज्ञ मंडळी खवळली. त्यांनी अडतीस वर्षांच्या जॉन हर्शेलचं नाव पुढे केलं. आणि हर्शेलने काय केलं? काहीच नाही. पद आपल्याला नको आहे, पण मित्रांचा आग्रह असेल तर नाव राहू द्या, मी मात्र कुणाकडे मत मागणार नाही, अशी त्याची भूमिका. म्हणजे आमचंच 'बिनविरोध होत असेल तर बघू'. त्याच्या समर्थकांना विजयाची इतकी खात्री की लंडनबाहेरच्या कित्येकांनी प्रवासाची तसदीच घेतली नाही. मत द्यायला तर जातीने हजर राहायला हवं होतं. ३० नोव्हेंबर १८३० रोजी सॉमरसेट हाउसमध्ये मतदान झालं. ड्यूकना ११९ मतं, हर्शेलला १११. सहाशेहून अधिक सभासदांपैकी दोनशे तीस जणांनी मत दिलं आणि आठ मतांनी इंग्लंडमधला सर्वांत मान्यवर शास्त्रज्ञ हरला.

या पराभवाचं खापर ड्यूकच्या डोक्यावर फोडायची रीत आहे. मला ते पटत नाही. ड्यूकने निवडणूक लढवली, हर्शेलने ती सहन केली. आपण मत मागितलं तर आपल्या हाताला काही तरी लागेल, असं त्याला वाटलं असावं. हे सोवळं मोठं आकर्षक असतं. बाहेरून ती नम्रता दिसते. आत डोकावून पाहिलं (आणि मी स्वतःच्याच आत डोकावून सांगतोय) तर तिथे एक अहंकार बसलेला असतो. माझी योग्यता लोकांना न सांगता कळली पाहिजे, हा तो अहंकार. शिवाय न मागता हरलो तर हरल्यासारखं वाटत नाही, हीही एक सोय आहेच.

पुढचं थोडक्यात. ड्यूक आठ वर्षं राहिले आणि १८३८ साली, अध्यक्षाला द्याव्या लागणाऱ्या मेजवान्यांचा खर्च झेपत नाही म्हणून पायउतार झाले. असंतुष्ट मंडळी गप्प बसली नव्हती. सप्टेंबर १८३१ मध्ये यॉर्क इथे ब्रिटिश असोसिएशन निघाली, दर वर्षी वेगळ्या गावी भरणारी. त्याच धर्तीवर मॅकमेहन आणि सायमनसन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९१४ साली कलकत्त्यात इंडियन सायन्स काँग्रेस सुरू केली. पहिले अध्यक्ष सर आशुतोष मुखर्जी. रॉयल सोसायटीने १८४७ साली नियम बदलून वर्षाला फक्त पंधरा नवे सभासद घ्यायचं ठरवलं, आणि हळूहळू ती शास्त्रज्ञांची झाली. हर्शेल मात्र नोव्हेंबर १८३३ मध्ये बायकामुलं आणि वीस फुटी दुर्बीण घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. चार वर्षं तिथे त्याने दक्षिणेकडचं आकाश तपासलं. १८३५ साली हॅलेचा धूमकेतूही तिथूनच पाहिला. तो अध्यक्ष झाला असता तर कदाचित हे काम झालंच नसतं. तेव्हा पराभवाने विज्ञानाचा तोटाच झाला असं म्हणायला मी तयार नाही. पण सोसायटीची सतरा वर्षं गेली हेही खरंच.

मी सौ.ला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, त्या गोऱ्या साहेबाचं राहू द्या. तुम्ही फॉर्म भरणार असाल तर आधी सरांना जाऊन सांगा. त्यांना बाहेरून कळायला नको."

गेलो. चाळीस वर्षांत त्या घराची बेल वाजवताना माझा हात असा कधी जड झाला नव्हता. सर गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी आडवळणं घेत विषयाकडे येत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "फॉर्म भरलायस की भरणार आहेस?" गाव लहान आहे.

"भरणार आहे, सर."

"आधी सांगायला आलास हे बरं केलंस." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला. एरवी चहाबरोबर चकली असते, त्या दिवशी नुसता चहा होता. मग सर म्हणाले, "तुला एक सांगू? चोवीस वर्षांत मला कुणी विचारलंच नाही, की सर, तुम्हाला हे अजून हवंय का? दर वेळी टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मलाही वाटायचं, आपण सोडलं तर बंद पडेल."

मी जरा सैलावलो. म्हटलं, मग या वेळी आपण... तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "छे. आता मी माघार घेणार नाही. तू उभा राहिलास म्हणून म्हातारा पळाला असं दिसायला नको. होऊ दे की निवडणूक. मी तुम्हाला ग्रहणाला नेलं तेव्हा ढग येतील म्हणून घरी बसलो होतो का?"

मी फॉर्म भरला आणि सभासदांची यादी मागून घेतली. दोनशे बारा नावं. आता फोन लावायचे. पहिल्या दिवशी मी दोन तास यादीकडे नुसता पाहत बसलो. साठाव्या वर्षी निवृत्त झालेला प्राध्यापक, आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून बोललेला. अनोळखी माणसाला फोन करून 'मला मत द्या' म्हणायचं कसं? घसा कोरडा पडायचा. मनातल्या मनात मी हर्शेलला रोज नव्याने माफ करत होतो.

पण फोन लावत गेलो आणि काही तरी वेगळंच हाताला लागायला लागलं. एकोणतीस सभासद वारले होते. एका घरी फोन बाईंनी उचलला. "ते गेले. सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. मी ओशाळून फोन ठेवणार तोच म्हणाल्या, "तुमचा वार्षिक अंक येतो अजून त्यांच्या नावाने. आला की मी त्यांच्या टेबलावर ठेवते. बंद नका करू." त्यानंतर त्या दिवशी मी पुढचा फोन लावला नाही.

पन्नासएक नंबर लागतच नव्हते. काही सभासद पुण्या-मुंबईला गेलेले, दोघं तर अमेरिकेत. एकाने सरळ विचारलं, "तुम्ही कुणाच्या गटाचे?" मी म्हटलं, गट नाही. तो म्हणाला, "मग कसं जमायचं?" आणि पस्तीसेक किलोमीटरवरच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. त्यांचं नाव यादीत २००४पासून होतं, त्या शुक्राच्या रांगेतच त्यांनी वर्गणी भरली होती. माझं सगळं भाषण ऐकून घेऊन म्हणाल्या, "संस्थेकडून एकवीस वर्षांत पहिल्यांदा फोन आला. मत देईन न देईन, ते सोडा. दुर्बीण एकदा आमच्या शाळेत आणता का? पोरांनी शनीची कडी फक्त पुस्तकात पाहिलीत." मी त्यांना सांगितलं, की यंदा शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ रेषेसारखी दिसताहेत, तेव्हा थंडीत गुरू आणि त्याचे चंद्र दाखवू. हे बोलताना मला आठवलं की आरसाच कपाटात आहे.

मत मागणं म्हणजे भीक मागणं, असं जे आपल्या मनात बसलंय ते इथे माझ्या मनातून गेलं. मी मागत होतो हे खरंच. पण मागण्याच्या निमित्ताने मी विचारतही होतो, आणि विचारायला चोवीस वर्षांत कुणालाच कारण पडलं नव्हतं. ज्याची निवड टाळ्यांनी होते त्याला सभासदांचे फोन नंबर लागत नाहीत.

आता या नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर मी प्रचारच करतोय असं वाटेल. निवडणूक माणसाला बिघडवते. मला बिघडवलं. एका सभासदाशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "सरांचं आता वय झालंय हो, विसरायला होतं त्यांना." विसरायला त्यांना होत नाही. नीम का थान्याच्या डब्यात कोण कुठल्या बर्थवर होतं हे ते आजही सांगतील. मी ते बोललो कारण समोरचा माणूस कुंपणावर होता आणि मला तो अलीकडे हवा होता. ते वाक्य चार दिवसांत सरांपर्यंत पोचलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही. काकूंनी सौ.ला भाजीबाजारात पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्यावरून कळलं.

साहित्य संमेलनाचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. अध्यक्षपदासाठी वर्षानुवर्षं निवडणूक व्हायची, त्यात गावोगाव दौरे, घटक संस्थांचे गट, मतपत्रिकांचे हिशेब, आणि कित्येक मोठे लेखक त्या वाटेला गेले नाहीत. २०१८ साली महामंडळाने ती पद्धत बंद करून सन्मानाने निवड करायचं ठरवलं. यवतमाळला अरुणा ढेरे झाल्या, आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनासाठी डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली. त्या मंचाला अध्यक्ष म्हणून लाभलेले हे पहिले शास्त्रज्ञ. नारळीकर मतांसाठी दौऱ्यावर निघाले असते का? मला तरी वाटत नाही. तेव्हा निवडणूक हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असा माझा दावा नाही. संमेलनाचं अध्यक्षपद एका वर्षाचं असतं, तो मान आहे. मान सन्मानानेच द्यावा. आमच्या संस्थेचं अध्यक्षपद ही मात्र नोकरी आहे, बिनपगारी असली तरी. आरसा पाठवायचा, हिशेब तपासायचे, शाळांना पत्रं लिहायची. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि काम करायच्या खुर्चीत मान म्हणून माणूस बसवतो. मग त्याला उठवणं हा अपमान ठरतो.

रॉयल सोसायटीतही आज हर्शेलच्या काळासारखी चुरस होत नाही, मंडळच नाव सुचवतं. पण तिथे दुसरा एक संकेत रुजलाय, पाच वर्षांचा. आपले वेंकी रामकृष्णन २०१५ साली अध्यक्ष झाले आणि २०२० साली पाच वर्षं भरताच खाली उतरले. त्यात ना अपमान, ना निरोपाचे अश्रू. याउलट रामन यांनी १९३४ साली बंगळूरमध्ये अकादमी काढली आणि १९७० साली मृत्यू येईपर्यंत छत्तीस वर्षं तेच अध्यक्ष होते. रामन यांच्याएवढा माणूस असला की कुणी बोलत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण गावोगावच्या संस्थांनी रामन यांचा हाच एक गुण उचलावा, हे आपलं दुर्दैव. म्हणून माझ्या प्रचारपत्रकात मी एकच मागणी ठळक केली होती. अध्यक्षाला लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त मिळू नये, मी निवडून आलो तर मलाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सभा झाली. एकाहत्तर सभासद आले. गणसंख्या वेळेवर पूर्ण झाली आणि त्यामुळे एक विचित्र पंचाईत झाली. चहा अर्ध्या तासाने यायचा होता, कारण सभा कधीच वेळेवर सुरू होत नसे. खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणावी लागली. मोठे सर आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. मतपत्रिका औषधवाल्याने मोजल्या. गोळ्या मोजायची सवय असल्यामुळे त्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास. सरांना अडतीस, मला बत्तीस आणि एक बाद. बाद मतपत्रिकेवर कुणी तरी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'दोघेही चांगले आहेत'.

सहा मतांनी हरलो. हर्शेलपेक्षा दोन मतांनी बरा, असं घरी येऊन म्हणालो, पण त्या रात्री झोप लागली नाही हेही खरं. हरल्याचं दुःख जेवढं वाटेल असं वाटलं होतं तेवढंच वाटलं. मुदतीच्या ठरावाला घटनेप्रमाणे दोन तृतीयांश मतं लागतात. बराच खल झाला आणि 'पुढील सभेत विचारार्थ ठेवावा' असं ठरलं. आपल्या संस्थांमध्ये ठराव असेच वयात येतात. इंजिनिअर चिडला होता. त्याला वाटलं होतं आपण जिंकणारच, आणि त्याच्या ओळखीच्या आठ-दहा जणांना त्याने 'नाही आलात तरी चालेल' असं सांगून टाकलं होतं. मी त्याला हर्शेलची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती.

दुरुस्त केलेली यादी मी कार्यालयात नेऊन दिली. वारलेल्यांची नावं वेगळी काढली, पण त्या बाईंच्या घरचा अंक चालू ठेवायला सांगितलं. चिटणिसाने नियम विचारला. मी म्हटलं, नियम नाही, पाठव.

पंधरा दिवसांनी सकाळी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, वर्गात फळा पुसायला सांगावं तसा. "ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. तिचा मला फोन आला होता. तू तिला दुर्बीण कबूल केलीस म्हणे."

"हो, सर. चुकलंच जरा. निवडून येण्याआधीच."

"कबूल केलंस ना, मग न्यायला हवी. आरसा पुन्हा ॲल्युमिनियम चढवायला पाठवावा लागेल. किल्ली माझ्याकडेच आहे, देवघराच्या खणात. पत्र तू लिही, सही मी करतो. आणि येताना यादी घेऊन ये, मलाही काही जणांना फोन करायचेत."

मी गेलो. या वेळी चहाबरोबर चकली होती, पण काकू बाहेर आल्या नाहीत.